मदतीचा हात आणि मालाचा भाव

माझे आजोबा पिंजारी होते. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या घराच्या पडवीत त्यांची पिंजण आढ्याला टांगलेली असे. दिवाळी उलटली की लोक गाद्या, लेप, उशा भरून घ्यायला यायचे. दादा तातीवर ठोका मारायचे आणि गच्च बसलेला कापूस फुलून पडवीभर व्हायचा. पिंजण्याइतकंच त्यांचं काम निवडण्याचं असे. वाळक्या पाल्याचा चुरा, राहून गेलेली सरकी, गोणपाटाचा एखादा धागा, सगळं बोटांनी वेचून बाजूला काढायचं. मी शेजारी बसून ती सरकी गोळा करायचो.

हंगामात शेतकरी खरेदी केंद्रावर गाड्या लावून रात्र रात्र बसायचे आणि परत जाताना आमच्या ओट्यावर टेकायचे. भाव काय मिळाला, असं दादांनी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "वरून आला तो." त्या काळी महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत भाव मुंबईत ठरे. म्हणून 'वर' म्हणजे मुंबई, अशी माझी समजूत होती. मुंबईच्याही वर न्यूयॉर्क आहे, लिव्हरपूल आहे, जिनिव्हा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आज मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र आमच्या गावची नाही. आफ्रिकेतल्या चार गरीब देशांची आहे. बुर्किना फासो, माली, बेनिन आणि चाड. या चौघांनी २००३ साली थेट 'वर' जाऊन विचारलं की आमच्या कापसाचा भाव कोण पाडतं? या प्रश्नाला त्यांना जे उत्तर मिळालं, त्यातून पुढे जगाच्या व्यापारात एक नवा शब्द रूढ झाला. 'व्यापारासाठी मदत'. गरीब देशांना आपला माल जगाच्या बाजारात आणता यावा म्हणून श्रीमंत देशांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी द्यायची मदत. शब्द चांगला आहे, त्यामागचं कामही बऱ्याच अंशी चांगलं आहे. पण तो आला कसा, कोणत्या घडीला आला, हे पाहिलं की त्याच्या मर्यादाही दिसू लागतात.

आधी थोडं मागे जावं लागेल. पश्चिम आफ्रिकेतल्या या भागात कापूस पूर्वापार होता. बाया सूत काढत, पुरुष अरुंद मागावर पट्ट्या विणत, त्या पट्ट्या जोडून अंगावरचं वस्त्र होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सची सत्ता पक्की झाली आणि फ्रान्सच्या गिरण्यांना कच्चा माल हवा म्हणून कापसाची सक्ती सुरू झाली. १९२० च्या दशकात तेव्हाच्या अप्पर व्होल्टामध्ये, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, गावागावांना 'साहेबाचं शेत' कसावं लागे. पिकवायचा कापूस, आणि भाव साहेब देईल तो. वेठबिगारी कायद्याने बंद व्हायला १९४६ साल उजाडावं लागलं.

त्याच काळात आगगाडीही आली. अबिजान बंदरातून निघालेले रूळ १९३४ मध्ये बोबो-दिऊलासो शहरापर्यंत पोचले आणि १९५४ मध्ये वागादुगूपर्यंत. वऱ्हाडातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. खामगावच्या कापूस बाजाराला रेल्वेचा फाटा मिळाला तो १८७० साली, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. वसाहतीतले रूळ शेतापासून बंदरापर्यंतच धावतात. एका शेजाऱ्याकडून दुसऱ्या शेजाऱ्याकडे जायला मात्र वाट नसते. आजही बुर्किना फासोला समुद्र नाही, मालीला नाही, चाडलाही नाही. बोबो-दिऊलासोहून अबिजानचं बंदर लोहमार्गाने सुमारे आठशे किलोमीटर दूर आहे.

१९६० या एकाच वर्षी हे चारही देश स्वतंत्र झाले. फ्रेंच कापूस कंपनीची जागा हळूहळू सरकारी भागीदारीच्या कंपन्यांनी घेतली. मालीत १९७४ साली, बुर्किनात १९७९ साली. त्यांची पद्धत साधारण एकच. पेरणीआधी कंपनी भाव जाहीर करणार, बियाणं आणि खत उधारीवर देणार, बोंडं फुटली की गावातून कापूस उचलणार, सरकी काढून रुईच्या गाठी बांधणार आणि बंदराकडे रवाना करणार. उधारी भावातून वळती होणार. यात कंपनीची मनमानी होती, भ्रष्टाचारही झाला. पण दोन-चार हेक्टरच्या, बैलावर नांगरणाऱ्या कुटुंबाला रोख पैसा मिळायचा तो याच पिकातून. शाळा, दवाखाना, लग्न, सगळं त्यावरच. तिथे कापसाला 'पांढरं सोनं' म्हणतात. आपणही तेच म्हणतो.

आता जरा जिनिव्हाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाच्या व्यापाराचे नियम ठरवायला एक संघटना असावी असं ठरलं होतं. १९४८ च्या मार्चमध्ये क्युबातल्या हवाना शहरात पन्नासहून अधिक देशांनी तिच्या सनदेवर सह्या केल्या. कच्च्या मालाच्या भावांना स्थैर्य कसं द्यावं, यावर त्या सनदेत एक अख्खं प्रकरण होतं. अमेरिकेच्या संसदेने ती मंजूर केली नाही आणि संघटना जन्मालाच आली नाही. उरला तो 'गॅट' नावाचा करार. जकाती कमी करण्याचं काम त्याने चोख केलं, पण शेतमालाला बव्हंशी हात लावला नाही.

यावर पहिला मोठा आवाज उठला १९६४ साली. संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, जिला 'अंक्टाड' म्हणतात, ती जिनिव्हात भरली. तिचे सूत्रधार होते अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं. गरीब देश कापूस, कोको, कॉफी विकतो आणि ट्रॅक्टर विकत घेतो. वर्षं जातात तशा एका ट्रॅक्टरसाठी जास्त जास्त गाठी मोजाव्या लागतात. मग तो कितीही राबला तरी मागेच राहतो. यावर उपाय म्हणून गरीब देशांनी घोषणा दिली, 'मदत नको, व्यापार हवा'. पुढची परिषद १९६८ साली आपल्या दिल्लीत झाली, आणि गरीब देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी कमी जकातीत प्रवेश द्यावा, हे तत्त्व तिथे मान्य झालं.

याच काळात एक शहाणपणाची गोष्टही घडली. दार उघडून भागत नाही, दारापर्यंत यायला पाय हवेत, हे लोकांच्या लक्षात आलं. १९६४ मध्ये गॅटने जिनिव्हात आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र काढलं, १९६८ पासून अंक्टाडही त्यात भागीदार झालं. माल कुठे खपेल, वेष्टन कसं हवं, कागदपत्रं कोणती लागतात, हे छोट्या देशांच्या निर्यातदारांना शिकवणं हे त्याचं काम. व्यापारासाठी मदतीचं बीज म्हणायचं तर हेच. म्हणजे 'मदत नको' म्हणणाऱ्यांच्या काळातच मदतीची एक नवी तऱ्हा सुरू झाली.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली. शेतमाल प्रथमच नीट नियमांखाली आला. पण नियम लिहिताना श्रीमंतांनी आपली अनुदानं बरीचशी शाबूत ठेवली. त्याचा चटका कापसाला बसला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर जगाच्या बाजारात रुईला पौंडामागे ९० सेंटच्या वर भाव होता. २००१-०२ च्या हंगामात तो सरासरी ४२ सेंटच्या आसपास आला. भाव पडले की पेरा कमी व्हावा, हा बाजाराचा धर्म. अमेरिकेत तसं झालं नाही. तिथल्या शेतकऱ्याला भावातला फरक सरकार भरून देत होतं. भाव जितका पडेल, तितकं अनुदान जास्त. मग तो पेरा कशाला कमी करील? २००२ च्या मे महिन्यात नव्या शेती कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सही केली आणि अनुदानं आणखी वाढली. युरोपात ग्रीस आणि स्पेनमधल्या कापसालाही भरघोस आधार होता, चीनही आपल्या शेतकऱ्याला आधार देत होता.

पश्चिम आफ्रिकेचा कापूस हाताने वेचलेला, खर्चाने स्वस्त, प्रतीला चांगला. बाजार खरोखर मोकळा असता तर तो टिकला असता. पण त्याची स्पर्धा टेक्ससच्या शेतकऱ्याशी नव्हती, अमेरिकेच्या खजिन्याशी होती.

१० जून २००३ रोजी बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कोंपावरे स्वतः जिनिव्हाला गेले आणि व्यापार संघटनेच्या वाटाघाटी समितीपुढे उभे राहिले. आम्हाला दान नको, खास सवलत नको, जादा मदतही नको, तुमच्या संघटनेचे जे मूळ नियम आहेत तेच लागू करा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. चार देशांची मागणी दोन कलमी होती. कापसाची अनुदानं ठरावीक मुदतीत बंद करा. आणि ती बंद होईपर्यंत आमच्या शेतकऱ्यांचं जे नुकसान होतं, त्याची भरपाई द्या. भरपाई आणि मदत यांतला फरक त्यांना नेमका कळत होता. भरपाई मागणारा ताठ उभा राहून मागतो.

पुढच्या महिन्यात, ११ जुलैला, कोंपावरे आणि मालीचे अध्यक्ष आमादू तुमानी तूरे या दोघांच्या नावाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला. त्यातला हिशेब असा होता. अमेरिकेच्या २५ हजार कापूस उत्पादकांना मिळालेलं अनुदान सुमारे तीन अब्ज डॉलर. बुर्किना फासोचं संपूर्ण वार्षिक उत्पन्न त्याहून कमी, आणि तिथले वीस लाख लोक कापसावर जगणारे.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. हे कोंपावरे कोण? बुर्किना फासोत १९८३ ते १९८७ या काळात तोमा सांकारा नावाचा तरुण, कल्पक नेता सत्तेवर होता. १९८४ मध्ये देशाचं वसाहतीतलं नाव टाकून 'बुर्किना फासो' हे नाव त्यानेच दिलं. आपला कापूस आपणच विणून नेसू, असं तो म्हणे. सरकारी नोकरांनी हातमागाचं देशी कापड वापरावं असा त्याचा आग्रह होता. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी त्याची हत्या झाली आणि त्याचा सहकारी कोंपावरे सत्तेवर आला. २०१४ च्या जनउठावात कोंपावरेंना देश सोडावा लागला, आणि २०२२ मध्ये त्या हत्येतल्या सहभागाबद्दल तिथल्या लष्करी न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं जगापुढे ज्या तोंडून मांडलं गेलं, ते तोंड निष्कलंक नव्हतं. पण गाऱ्हाणं खरं होतं. इतिहासात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात आणि आपल्याला दोन्ही सांगाव्या लागतात.

सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनला व्यापारमंत्र्यांची परिषद भरली. चार देश आशेने गेले होते. परिषदेच्या शेवटी शेवटी मसुदा हाती आला. त्यात अनुदानं बंद करण्याची तारीख नव्हती, भरपाईचा शब्द नव्हता. ज्या देशांची अर्थव्यवस्था कापसावर चालते, त्यांनी इतर व्यवसायांकडे वळावं म्हणून जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या चालू योजना आणि पैसा तिकडे वळवावा, असं सुचवलं होतं. म्हणजे सरळ अर्थ, तुम्ही कापूस सोडा, आम्ही मदत करू. ज्याचा माल खर्चाने सगळ्यांत स्वस्त, त्यालाच दुकान बंद करायला सांगितलं. १४ सप्टेंबरला परिषद मोडली. ती औपचारिकपणे मोडली गुंतवणूक वगैरे दुसऱ्या विषयांवर, पण कापसाच्या त्या परिच्छेदाने आफ्रिकी देशांची मनं आधीच उडाली होती.

पुढच्या वर्षी तोडगा निघाला. तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. कापसाच्या प्रश्नाचे दोन भाग केले गेले. एक व्यापाराचा भाग, म्हणजे अनुदानं आणि जकाती. त्यासाठी नोव्हेंबर २००४ मध्ये खास उपसमिती नेमली. दुसरा विकासाचा भाग, म्हणजे मदत. त्यासाठी संघटनेच्या महासंचालकांनी देणाऱ्या देशांशी आणि संस्थांशी सल्लामसलत करावी असं ठरलं. एका घरात दोन चुली झाल्या. मदतीची चूल पेटली. दरवर्षी बैठका, कोणी काय दिलं याचे तक्ते, प्रकल्पांची यादी. अनुदानाच्या चुलीवरचं आधण मात्र आजवर उकळलेलं नाही.

डिसेंबर २००५ मध्ये हाँगकाँगला पुन्हा परिषद झाली. कापसावरची निर्यात अनुदानं श्रीमंत देशांनी २००६ मध्ये बंद करावीत असं ठरलं. निर्यात अनुदान ही त्यातली लहान गोष्ट होती. मोठा पैसा देशांतर्गत आधाराचा होता आणि त्यावर फक्त इच्छा व्यक्त झाली. त्याच जाहीरनाम्यात 'व्यापारासाठी मदत' हा कार्यक्रम पहिल्यांदा ठळकपणे अवतरला. २००६ मध्ये एका कृतिगटाने त्याची चौकट आखली. वाटाघाटी करणारी माणसं तयार करणं, रस्ते-बंदरं-वीज उभी करणं, शेती आणि उद्योगांची उत्पादनशक्ती वाढवणं, आणि जकाती उतरल्यामुळे बसणारे धक्के सोसायला हात देणं.

ही मदत निरुपयोगी होती असं मी म्हणणार नाही. उदाहरण द्यायचं तर सप्टेंबर २००२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये यादवी पेटली आणि अबिजानचा रस्ता बंद झाला. बुर्किना आणि मालीच्या गाठी रातोरात टोगो, घाना, बेनिनच्या बंदरांकडे वळवाव्या लागल्या. ट्रकचा खर्च वाढला, वेळ वाढला. अशा वेळी दुसरा धड रस्ता असणं, सीमेवरच्या चौकीत कागद लवकर सुटणं, याची किंमत भावातल्या चार सेंटांहून कमी नसते.

दुसरं उदाहरण माझ्या आजोबांच्या कामाशी नातं सांगणारं आहे. हाताने वेचलेल्या कापसाचा मोठा शत्रू म्हणजे प्लास्टिकचा धागा. शेतकरी खताच्या रिकाम्या पोत्यात कापूस भरतो, पोत्याचा एक तंतू सुटतो, गाठीतून सुतात आणि सुतातून कापडात जातो. कापड रंगवलं की तो तंतू रंग घेत नाही आणि सगळा थान बाद होतो. म्हणून गिरण्या अशा कापसाला भाव कापून देतात. मदतीच्या योजनांतून वेचणीसाठी सुती पिशव्या वापरायला शिकवलं गेलं, प्रत मोजणाऱ्या यंत्रांच्या प्रयोगशाळा उभारायला हातभार लागला. मालीतल्या सेगूला असं एक केंद्र आहे. दादा बोटांनी जे करायचे, त्याचंच हे शास्त्रीय रूप.

या कामात आपलाही वाटा आहे. २०१२ च्या सुमारास भारताने आफ्रिकेतल्या कापूस उत्पादक देशांसाठी तांत्रिक साहाय्याचा कार्यक्रम सुरू केला. हे चार देश आणि मलावी, नायजेरिया, युगांडा अशा सात देशांचा त्यात समावेश होता. बियाणं, कीड, जिनिंग यांचं प्रशिक्षण देताना नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा आणि मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचा अनुभव उपयोगी पडला. आफ्रिकेतला कापूस तज्ज्ञ नागपुरात येतो ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. घेणाऱ्याच्या ओळीत उभा असलेला आपला देश देणाऱ्याच्याही ओळीत आला.

पण मदत आणि नियम यांतला फरक काय, हे ब्राझीलने दाखवलं. ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध व्यापार संघटनेत फिर्याद केली. बेनिन आणि चाड त्यात तिसरे पक्ष म्हणून सामील झाले. मार्च २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. अमेरिकेने एक अनुदान २००६ मध्ये बंद केलं, बाकीची चालू ठेवली. तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलला अमेरिकी मालावर आणि बौद्धिक संपदेवर प्रतिकारवाईची परवानगी मिळाली. हे अमेरिकेला झोंबलं. तडजोड अशी झाली की अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटवण्यात आलं. म्हणजे आपल्या शेतकऱ्याची अनुदानं सोडण्यापेक्षा दुसऱ्याच्या शेतकऱ्याला पैसे देणं अमेरिकेने पसंत केलं.

बेनिन आणि चाडच्या हाती काय आलं? न्यायनिवाड्यात त्यांच्या बाजूचं म्हणणं खरं ठरलं, पण पैसा ब्राझीलला मिळाला. त्यांनी स्वतः फिर्याद करून जिंकली असती तरी प्रतिकारवाई कशाच्या जोरावर करणार? अमेरिकेचा असा कोणता माल त्यांच्याकडे येतो, की तो अडवला तर वॉशिंग्टनला जाग यावी? नियम सगळ्यांना सारखा असतो, पण त्याची अंमलबजावणी ताकदीप्रमाणे होते.

इथे आपण आपल्याकडेही पाहिलं पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने व्यापार संघटनेत भारतावर ठपका ठेवला की कापसाच्या हमीभावातून भारत मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आधार देतो. भारताने ती हिशेबाची पद्धत मान्य केली नाही. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हमीभाव काढून घ्या असं मीही म्हणणार नाही. त्याचा खर्च निघत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मालीचा शेतकरीही कोरडवाहूच आहे, आणि त्याचं सरकार आपल्या सरकारइतकं देऊ शकत नाही. गरिबाच्या आधाराने दुसरा गरीब दुखावू नये अशी व्यवस्था कशी लावायची, हा प्रश्न सोपा नाही. त्याचं उत्तर नियमांच्या टेबलावर बसूनच शोधावं लागेल.

डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबीच्या परिषदेत शेतमालाची निर्यात अनुदानं बंद करण्याचा निर्णय झाला. देशांतर्गत अनुदानाचा प्रश्न तेव्हाही राहिला, २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही राहिला. चार देशांच्या पुढाकाराने ७ ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन झाला, २०१९ मध्ये जिनिव्हात तो पहिल्यांदा साजराही झाला. दिवस मिळाला, भावाचा नियम मिळाला नाही.

आणि मदतीचं काय? २००६ पासून व्यापारासाठी मदत म्हणून जगभरात दिलेली रक्कम सहाशे अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. २०२२ या एका वर्षात ती पन्नास अब्जांवर होती. आकडा मोठा वाटतो. पण त्यातला बराच पैसा कर्जाच्या रूपात असतो, आणि तो फेडायचा असतो. शिवाय मदत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. अमेरिकेची यूएसएआयडी ही संस्था पश्चिम आफ्रिकेतल्या कापूस सुधारणेसाठी वर्षानुवर्षं पैसा देत होती. १ जुलै २०२५ रोजी तिचं मदतवाटपाचं काम अधिकृतपणे थांबलं. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं, आणि जगभर चालू असलेले प्रकल्प मधेच पडले. ज्यांच्यासाठी ते चालले होते, त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांना विचारायची रीतच नाही, कारण मदतीवर कुणाचा हक्क नसतो.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. १९६४ साली गरीब देश म्हणाले, व्यापाराचे नियम बदला. त्यांना प्रशिक्षण मिळालं. २००३ साली ते म्हणाले, अनुदानं बंद करा. त्यांना प्रकल्प मिळाले. प्रत्येक वेळी मागणी न्यायाची होती आणि हाती आलं साहाय्य. साहाय्य वाईट नव्हतं. रस्ता हवाच, प्रयोगशाळा हवीच, सुती पिशवी हवीच. पण रस्ता माणसाला बाजारापर्यंत नेतो. तिथे काटा सरळ धरायचं काम रस्त्याचं नाही.

आज त्या चार देशांची अवस्था एकसारखी नाही. माली आणि बुर्किना फासोत २०२० नंतर लष्करी उठाव झाले, दहशतवादी हिंसाचाराने गावं उठली, शेतं ओस पडली. बेनिनने दुसरी वाट धरली आहे. कोतोनूजवळ ग्लो-जिग्बे इथे त्यांनी औद्योगिक वसाहत उभारली आहे, तिथे देशातल्याच कापसाचं सूत, कापड आणि तयार कपडे करण्याचे कारखाने निघाले आहेत. रुईची गाठ विकण्याऐवजी सदरा विकायचा. सांकारा जे म्हणत होता, त्याच्या जवळ जाणारं हे काही आहे. ते किती टिकेल हे काळ ठरवील. पण तो सदराही शेवटी त्याच जागतिक बाजारात जाणार आहे, आणि तिथले नियम त्यालाही लागणार आहेत.

दादांच्या पश्चात ती पिंजण आमच्याकडे बरीच वर्षं होती. आता गाद्या फोमच्या आल्या, पिंजायला कुणी येत नाही. कापूस मात्र अजून पिकतो, वऱ्हाडात आणि बोबो-दिऊलासोच्या भोवतालीही. तिथल्या ओट्यावरही कुणी कुणाला भाव विचारत असेलच. उत्तर काय मिळत असेल ते मला ठाऊक आहे. निदान 'वर' कुठे आहे आणि तिथे काय चालतं, एवढं तरी आता आपल्याला माहीत झालं आहे. दादांच्या ओट्यावरच्या शेतकऱ्यांना तेही माहीत नव्हतं.